टॉवरच्या मागची वाट

मोबाइल टॉवरपासून मागे एक्स्चेंजपर्यंत जाणाऱ्या वाटेची गोष्ट मोबाइलच्याही आधी सुरू होते. मुंबई शहर आणि अंधेरी ही दोन टेलिफोन एक्स्चेंजं १९७५ साली पीसीएम, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याच्या, पद्धतीने जोडली गेली. देशातली ती पहिली पीसीएम जोडणी. या पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहितात, त्यामुळे एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. युरोपीय मानकानुसार अशी तीस संभाषणं आणि त्यांच्या देखरेखीचे दोन कप्पे एकत्र बांधले की २.०४८ मेगाबिटची मोळी होते. टेलिकॉमची माणसं तिला आजही ‘ई-वन’ म्हणतात. पुढे चार वर्षांनी, १९७९मध्ये, एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर लाइन पुण्यात सुरू झाली. मोबाइल अजून दीड दशक लांब होता.

तो आला ३१ जुलै १९९५ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. त्या कॉलची आठवण निघते तेव्हा हँडसेटचं कौतुक होतं, टॉवरचं होतं. टॉवरपासून मागे, एक्स्चेंजपर्यंत आवाज कसा गेला हे कोणी विचारत नाही. त्या मागच्या वाटेचं नाव बॅकहॉल. फोनच्या पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या या वाटेबद्दल काहीच सांगत नाहीत. दांड्या भरलेल्या आणि व्हिडिओ अडकलेला, हा अनुभव ज्यांना आहे त्यांच्यापैकी अनेकांची अडचण या मागच्या वाटेवरच असते.

नव्या मोबाइल कंपन्यांकडे जमिनीखाली स्वतःची केबल नव्हती. ती टाकायची तर रस्ता खोदायचा, नगरपालिकेची परवानगी काढायची, शेतकऱ्याशी बोलायचं, नदी-नाला ओलांडायचा. हवेतून मात्र दोन टॉवरांवर एकमेकांकडे तोंड करून दोन डिश बांधल्या, मधे डोंगर-इमारत नाही याची खात्री केली, की काही दिवसांत लिंक चालू. मायक्रोवेव्हचं हे तंत्र जुनंच होतं. अमेरिकेत ऑगस्ट १९५१मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर १०७ मनोऱ्यांच्या साखळीने जोडलं गेलं होतं. भारतात सर्व्हे करणारी माणसं डोंगरावर चढून समोरच्या जागेवरच्या जोडीदाराला आरशाने उन्हाची तिरीप दाखवत. ती दिसली तर ‘एलओएस आहे’, म्हणजे दृष्टिरेषा मोकळी आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यांवर लाल-पांढरे मनोरे उभे दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. उंचावरून एक उडी मारली की खालची दरी टळते. अशा एका उडीला ‘हॉप’ म्हणतात.

टू-जीच्या काळात या हॉपवर फारसा भारच नव्हता. जीएसएम या टू-जीच्या मानकात आवाज दाबून १३ किलोबिटांवर आणलेला असे आणि टॉवरच्या मागे एका संभाषणाला १६ किलोबिट पुरत. म्हणजे ६४च्या एका कप्प्यात चार संभाषणं. सगळा हिशेब केला तर एका ई-वनवर शंभराच्या आसपास माणसं एकाच वेळी बोलू शकत. एका मध्यम टॉवरची गरज तेवढ्यात भागायची. मायक्रोवेव्हचे संच चार, आठ, सोळा ई-वनचे येत आणि बाकीची जागा पुढच्या टॉवरांच्या साखळीसाठी वापरली जाई.

मग २०१०चा थ्री-जी लिलाव झाला. ३४ दिवस चाललेल्या त्या लिलावात सरकारच्या तिजोरीत सुमारे ६७,७१९ कोटी रुपये जमा झाले. कंपन्यांनी हा पैसा मोजला तो फोन ते टॉवर या पुढच्या वाटेसाठी. एका सेक्टरला, म्हणजे टॉवरभोवतीच्या एका दिशेच्या भागाला, १४.४ मेगाबिटचा कमाल वेग, टॉवरला असे तीन सेक्टर, म्हणजे वीसहून अधिक ई-वनची क्षमता. तीही फक्त एका टॉवरसाठी. साखळीतल्या शेवटच्या टॉवरचा डेटा प्रत्येक हॉपवर पुढच्याच्या डेटात मिसळत जातो, तेव्हा शहराजवळच्या हॉपवर काय गर्दी होत असेल! ई-वन जोडत राहणं हा उपाय उरला नव्हता.

इथून सगळं इथरनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यांसारखं डेटा पॅकेटांत तोडून पाठवण्याच्या पद्धतीवर, जाऊ लागलं. या बदलात एक गोष्ट हातातून निसटली, ती मला या इतिहासातली सर्वांत रंजक वाटते. ई-वनची मोळी ठरावीक ठेक्यात येत असे आणि टॉवर आपलं घड्याळ त्या ठेक्यावर लावून घेत असे. टॉवरच्या फ्रिक्वेन्सीत एक अब्जात पन्नास भागांहून जास्त चूक चालत नाही, नाहीतर एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कॉल तुटतो. इथरनेटला असा ठेका नाही, पॅकेटं येतील तेव्हा येतात. म्हणून ठेका इथरनेटच्या तारेतच भरण्याची सिंक-ई पद्धत आली, पॅकेटांवर वेळेचे शिक्के मारणारं १५८८ हे मानक आलं, कुठे टॉवरवर जीपीएसचा अँटेना लागला. वाट रुंद करायला निघालेल्यांना आधी घड्याळ दुरुस्त करावं लागलं.

आता रुंदीकडे येऊ. भारतात टॉवरांच्या लिंकना १३, १५, १८ आणि २१ गिगाहर्ट्झ पट्ट्यांत २८ मेगाहर्ट्झ रुंदीचे कॅरियर, म्हणजे लहरींच्या पट्ट्या, मिळत. एवढ्या पट्टीत जास्त डेटा भरायचा तर प्रत्येक ठोक्यात जास्त बिट कोंबायचे. १२८ क्यूएएममध्ये, म्हणजे १२८ वेगवेगळे संकेत वापरणाऱ्या पद्धतीत, ठोक्याला सात बिट जातात आणि २८ मेगाहर्ट्झमधून सुमारे १५५ मेगाबिट निघतात. २५६ला आठ बिट, १०२४ला दहा, ४०९६ला बारा. इंजिनिअरांनी ही शिडी जिद्दीने चढली. पण हिशेब पाहा: संकेतांची संख्या १२८वरून ४०९६, म्हणजे बत्तीसपट झाली आणि क्षमता वाढली ती दुपटीहूनही कमी. शिवाय प्रत्येक जादा बिटासाठी सिग्नल साधारण दुप्पट स्वच्छ लागतो. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्येच हे गणित मांडून ठेवलं होतं. पट्टी रुंद केली तर क्षमता त्या प्रमाणात वाढते, सिग्नलची ताकद वाढवली तर कणाकणाने. एकाच कॅरियरवर आडव्या आणि उभ्या ध्रुवीकरणाचे दोन प्रवाह पाठवून क्षमता दुप्पट करण्याची युक्तीही झाली. त्यानंतर हाती उरली ती पट्टीची रुंदी, आणि ती ठरते दिल्लीत.

तिकडे हे कॅरियर लिलावाने नव्हे, सर्कलनिहाय, म्हणजे परवान्याच्या क्षेत्रानुसार, प्रशासकीय पद्धतीने दिले जात. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, मुंबई मात्र स्वतंत्र. शुल्क कंपनीच्या त्या सर्कलमधल्या महसुलाच्या टक्केवारीत आणि कॅरियर वाढले की टक्काही वाढणारा. म्हणजे खेड्यातल्या चार टॉवरांसाठी जादा कॅरियर घेतला तरी शुल्क सबंध सर्कलच्या कमाईवर. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ला लिलावाविना दिलेले टू-जीचे १२२ परवाने रद्द केले, त्यानंतर कुठलाही स्पेक्ट्रम लिलावाविना देणं अवघड होऊन बसलं. दूरसंचार नियामक ट्रायने ऑगस्ट २०१४मध्ये बॅकहॉलसाठी दोन नवे पट्टे उघडण्याची शिफारस केली. एक ७१–७६ आणि ८१–८६ गिगाहर्ट्झचा ई-बँड, दुसरा साठ गिगाहर्ट्झजवळचा व्ही-बँड. ई-बँडचा एक कॅरियर २५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे जुन्याच्या जवळजवळ नऊपट रुंद. (साठ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात करून दाखवले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही.)

शिफारस पडून राहिली. याच काळात, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. सरकारी आकड्यांनुसार २०१४मध्ये एका डेटा ग्राहकामागे महिन्याला सुमारे ६२ मेगाबाइट डेटा वापरला जाई. दहा वर्षांत तो २० गिगाबाइटच्या पुढे गेला, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. ई-बँडचे प्रत्येकी दोन कॅरियर कंपन्यांना देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो जून २०२२मध्ये, फाइव्ह-जी लिलावाच्या तोंडावर, आणि तोही तात्पुरता. जुन्या चार पट्ट्यांतल्या कॅरियरची संख्या तेव्हाच दुप्पट केली गेली. मधली आठ वर्षं दवडली गेली असं माझं स्पष्ट मत आहे. डेटाची सर्वांत मोठी लाट नेमकी त्या वर्षांत आली आणि तिच्यासाठीची वाट कागदावरच राहिली. बॅकहॉलचा स्पेक्ट्रम लिलावाविना देता येईल हे कायद्यात स्पष्टपणे लिहिलं गेलं ते २०२३च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत.

ई-बँडला आपल्याकडे एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे पाऊस. ताशी ९५ मिलिमीटर दराची सर घ्या. कोकणात, घाटात ती नवलाची नाही. त्या सरीत १५ गिगाहर्ट्झची लहर किलोमीटरला सहा-सात डेसिबल गमावते. ८० गिगाहर्ट्झची सुमारे तीस, म्हणजे दर किलोमीटरला सिग्नल हजाराव्या भागावर येतो. म्हणून ई-बँडचे हॉप एक-दोन किलोमीटरचे, शहरी गच्चीवरून गच्चीवर. रत्नागिरीच्या वाडीला किंवा वेल्ह्याच्या खोऱ्याला तो पोचत नाही.

उत्तर फायबरच आहे, असं म्हणणं सोपं आहे आणि ते खरंही आहे. राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने डिसेंबर २०१९मध्ये फायबरने जोडलेले टॉवर ३० टक्क्यांवरून २०२४पर्यंत ७० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. ते साल आलं तेव्हा देश त्या आकड्यापासून बराच दूर होता. खोदाईचं शुल्क, परवानग्या, दुसऱ्या कुणाच्या जेसीबीने तोडलेली केबल ही कारणं नवी नाहीत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पावसाळ्यात रस्ते खोदायलाच मनाई असते. हवेतली लिंक ज्या महिन्यांत सर्वांत दुबळी, त्याच महिन्यांत जमिनीतली वाट वाढवता येत नाही.

त्यामुळे सध्या अनेक ठिकाणी एकाच मनोऱ्यावर दोन्ही बांधतात: ८० गिगाहर्ट्झची रुंद लिंक आणि सोबत १५ किंवा १८ गिगाहर्ट्झची जुनी, दोन्ही मिळून एकच वाट. उघडीप असेल तेव्हा गिगाबिटांनी डेटा जातो. सर जोराची आली की ८० गिगाहर्ट्झची लिंक पडते. कॉल, घड्याळाचा ठेका आणि निकडीचे संदेश जुन्या लिंकवरून जातात, व्हिडिओ थांबतो. पाऊस ओसरेपर्यंत सगळा टॉवर त्या एका जुन्या लिंकवर उभा असतो आणि तिची पट्टी आजही २८ मेगाहर्ट्झच्याच मापाने मोजली जाते.