अंदाजपत्रक आणि पंचनामा: एकाच भेगेच्या दोन नोंदी

लंडनच्या हॅरो-वेंब्ली भागात आपल्या मंडळींकडे कामानिमित्त जाणं झालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर्व्हे झालाय की आमचा, गेल्याच वर्षी." मग कपाटातून फाइल निघते, आणि ती भलत्याच सर्व्हेची असते.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही कामं करणारा माणूस एकाच जातीचा, बिल्डिंग सर्व्हेअर. दोन्ही खेपेला तो टॉर्च, टेप आणि कॅमेरा घेऊन येतो, मान वर करून छताखाली फिरतो आणि भेगा टिपून घेतो. पण देखभालीच्या आराखड्यासाठी, म्हणजे इमारतीला पुढे कधी कोणती दुरुस्ती लागेल हे मांडायला आला असेल तर तो अंदाजपत्रक मांडत असतो. सामाईक भिंतीच्या, म्हणजे दोन शेजाऱ्यांमधल्या एकाच भिंतीच्या कामासाठी आला असेल तर कामाआधीच्या स्थितीचा पंचनामा करत असतो.

दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर गेलेली एक तिरकी भेग घ्या. आराखड्यात तिची नोंद साधारण अशी पडते: "जिन्यालगतचा गिलावा, दारावर किरकोळ भेग, पुढच्या रंगकामात उकरून भरणे, दुसरं वर्ष." समोर रक्कम. पंचनाम्यात तीच भेग अशी येते: "सामाईक भिंत, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातून वर डावीकडे, लांबी ४२० मिमी, कमाल रुंदी ०.३ मिमी, आत जुना रंग शिरलेला, फोटो १४." रक्कम नाही, कारण नाही, उपाय तर नाहीच. "आत जुना रंग" हे तीन शब्द मात्र सोन्याचे. भेगेत रंग शिरला आहे म्हणजे शेवटच्या रंगकामाआधी ती होतीच. ताज्या भेगेच्या कडा स्वच्छ असतात.

आता आराखड्याकडे. त्यातलं खरं डोकं लागतं ते परांचीत. तीन मजली इमारतीला परांची बांधणं इतकं महाग पडतं की एकट्या पन्हळीसाठी ती उभारणं म्हणजे चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला. म्हणून सर्व्हेअर प्रत्येक भागाचं उरलेलं आयुष्य अंदाजतो आणि पन्हळ, खिडक्यांचा रंग, चिमणीच्या विटांमधला चुना ही कामं ओढूनताणून एका वर्षात बसवतो. पन्हळ अजून दोन वर्षं टिकली असती, तरी ती आत्ताच बदलतात. वाचणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. बहुतेक वेळा ती काटकसर असते. आराखडा दहा वर्षांचा असो की तीस, शेवटच्या वर्षांचे आकडे मी तरी पेन्सिलीनेच लिहिलेले समजतो.

हा खर्च लीजवर फ्लॅट घेतलेल्यांच्या सर्व्हिस चार्जमधून जातो. कामात एखाद्या फ्लॅटधारकाचा वाटा २५० पौंडांवर जाणार असेल, तर १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम २० नुसार आधी सगळ्यांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. ही नोटीस आणि सामाईक भिंतीची नोटीस एकाच आठवड्यात दारात पडली, तर गोंधळ उडणारच.

मुंबईहून आलेले विचारतात, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट का? नाही. ऑडिट विचारतं, इमारत उभी राहील का. आराखडा ती राहणारच हे धरून चालतो आणि विचारतो, पैसे कधी लागतील.

सामाईक भिंतीचा मामला मात्र शेजाऱ्याशी जोडलेला. त्याचा कायदा १९९६ चा, १ जुलै १९९७ पासून लागू, आणि तोही फक्त इंग्लंड-वेल्समध्ये. माळ्यावर खोली काढताना सामाईक भिंतीत लोखंडी तुळई घुसवायची असेल, तर दोन महिने आधी नोटीस. शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल, तर एक महिना. शेजारी चौदा दिवस गप्प राहिला तर आपल्याकडे म्हणतील, मूक संमती. हा कायदा म्हणतो, वाद. मग दोघांचा मिळून एक, किंवा प्रत्येकाचा एकेक सर्व्हेअर नेमला जातो आणि काम कसं करायचं याचा लेखी निवाडा होतो. प्लॅनिंगची परवानगी हातात असली तरी यातून सुटका नाही.

या निवाड्याला जोडतात तो पंचनामा. गंमत म्हणजे कायद्यात त्याचं नावही नाही. तो प्रथेने आला. आणि तो होतो शेजाऱ्याच्या घराचा, तुमच्या नव्हे. "काम माझं, मग त्यांच्या भिंतींचे फोटो कशाला?" असं विचारणाऱ्याला सांगावं लागतं की त्यांच्या जुन्या भेगा उद्या तुमच्या नावावर चढू नयेत म्हणून.

सर्व्हेअरची भूमिकाही इथे बदलते. आराखडा करताना तो तुमचा माणूस असतो, पटलं नाही तर बदलता येतो. सामाईक भिंतीच्या प्रकरणात तुम्ही नेमला, फी तुम्ही दिली, तरी तो कायद्याला बांधील, आणि एकदा लेखी नेमणूक झाली की तुम्हाला ती मागे घेता येत नाही. "आमच्या बाजूने बोलत नाही" ही तक्रार मी दोन्हीकडून ऐकली आहे. अशा वेळी जरा बरंच वाटतं.

एक कागद दुसऱ्याच्या जागी का चालत नाही, हे आता उघड आहे. आराखडावाला बाहेरून आणि जिन्यापर्यंत बघतो, तुमच्या बैठकीच्या खोलीत बहुधा पाऊलही टाकत नाही, आणि मिलिमीटर मोजत नाही. पंचनामेवाला कामाजवळच्या दोनचार खोल्यांपुरता. छपराचं तो बघणारच नाही.

एका घरी तुळई बसल्यावर पंचनामा घेऊन पुन्हा गेलो. फोटो १४ मधली भेग ०.३ मिमीच होती, केसभरही हललेली नाही. शेजारच्या आजींनी मला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथे सामाईक भिंतीवर पांढऱ्या, स्वच्छ कडांची हातभर चीर. पंचनाम्याच्या दिवशी त्या खोलीत नातवाचं सामान होतं, दाराला कुलूप होतं, आणि आजीच म्हणाल्या होत्या, "ती राहू दे." मी राहू दिली होती.