मी आणि कू: चौकटीच्या रुंदीने वेगळी पडणारी दोन चिनी अक्षरे

अभिजात चिनी वाचताना ही जोडी हमखास घोटाळा करते. दोन्हींत डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे मधोमध आडवी रेघ असलेली चौकट. फटकारे दोन्हींत ७, युनिकोडचे (संगणकातल्या अक्षरांच्या यादीचे) क्रमांकही लागोपाठचे. चौकट उभट असेल तर ती ‘सूर्य’ आणि अक्षर ‘मी’. बसकी, रुंद असेल तर ती ‘म्हणणे’ आणि अक्षर ‘कू’. बारीक छपाईत हा फरक जवळजवळ पुसला जातो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, शेजारचे अक्षर बघा.

‘मी’ सोपे आहे. हूनान प्रांतातली मीलुओ नदी आणि त्याच नावाचे शहर, एवढ्यापुरतेच ते बहुधा भेटते. पुढे ‘लुओ’ दिसले की शंका संपली. परंपरेनुसार कवी छ्यू युआन याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात याच नदीत जीव दिला. इ.स. १००च्या सुमाराच्या ‘शुओवेन’ कोशात या अक्षराचा अर्थही ‘छ्यू युआन बुडाला ते पाणी’ असाच दिला आहे. कोशाच्या मते उजवी चौकट म्हणजे ‘मिंग’ (काळोख) या अक्षराचा तुकडा, उच्चार त्यावरून आला. चिनीत प्रत्येक उच्चाराला ठरलेला सूर असतो; इथे सूर चौथा, वरून झटक्यात खाली.

खरी कसरत ‘कू’ची. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनीच्या रोमन लेखनपद्धतीत, सुरुवातीला रोमन ‘जी’ असतो, तरी ‘ग’ म्हणू नका. त्यात घोष नाही, महाप्राणही नाही, म्हणजे तो आपला ‘क’. सूर तिसरा, खालचा. अक्षर दोनदा आले तर अर्थ ‘खळखळ वाहणे’. तेव्हा पहिल्या ‘कू’चा सूर बदलून दुसरा, चढता होतो. ‘शुओवेन’मध्ये अर्थ आहे ‘पाण्याला वळण लावणे’. उलट ‘शूजिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या होंगफान अध्यायात कुन या पुराणपुरुषाने महापूर बांध घालून अडवला आणि पंचतत्त्वांची घडी विस्कटली, तिथे ‘विस्कटणे’ यासाठी हेच अक्षर आहे. दोन टोकांचे अर्थ एकाच अक्षरात, त्यामुळे संदर्भाशिवाय भाषांतर करणे धोक्याचे.

त्याला आणखी एक उच्चार आहे, ‘यू’: जीभ ‘ई’साठी, ओठ ‘ऊ’साठी, सूर चौथा. अर्थ ‘वेगाने निघून जाणे’. छ्यू युआनच्या ‘ली साओ’ या कवितेमध्ये, वर्षे आपल्यासाठी थांबणार नाहीत या भीतीच्या ओळीची सुरुवातच याने होते. म्हणजे कवीच्या चरित्रात ‘मी’ आणि कवितेत ‘यू’. त्याच्यावरच्या पुस्तकाचे स्कॅन मजकुरात बदलताना ही दोन्ही ठिकाणे हाताने तपासावीत.