डुक्कर का वर्ज्य? जंतांचं कारण बरंच नंतरचं

"डुकराच्या मांसात जंत असतात म्हणून ज्यू खात नाहीत" हे इतक्यांदा ऐकलंय की लोकांना वाटतं तोराहमध्येच, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच लिहिलंय. तिथे एवढंच आहे की खूर दुभंगलेला पण रवंथ करत नाही, म्हणून नको. लोकर आणि लिनन एका कपड्यात नको, त्याचं तर तेवढंही कारण नाही. तालमूद या ज्यूंच्या नंतरच्या ग्रंथाचं म्हणणं, कारण सांगितलं की पळवाट निघते. राजाने फार बायका करू नयेत, मन भरकटेल, असं लिहिलेलं होतं, शलमोन राजा म्हणाला मी करतो आणि भरकटतही नाही, आणि व्हायचं तेच झालं.

तरी ११९० च्या सुमारास इजिप्तमधल्या एका ज्यू पंडिताने, पेशाने वैद्य, कारणांचा सगळा हिशेब मांडलाच. डुकरं पाळली तर घरं आणि बाजार उकिरडे होतील म्हणे. ज्यूंच्या जुन्या मंदिरातले पशुबळी का, तर लोकांना सवय होती, एकदम तुटली नसती. हे शेवटचं पुढच्या शतकात स्पेनमधल्या ज्यू पंडितांना भयंकर झोंबलं. नंतर तिथल्याच एका भाष्यकाराने तब्येतीचा मुद्दाही उडवला, शेजारी डुक्कर खाऊन धडधाकट आहेत की!

जंत आले ते १८३५ साली, लंडनमध्ये शवविच्छेदन करताना एका मेडिकल स्टुडंटला स्नायूत दिसले. ते डुकराच्या मांसातून येऊन माणसाला मारू शकतात हे कळलं १८६० मध्ये, जर्मनीत. मग काय, "विज्ञानाने सिद्ध" म्हणणाऱ्यांची चंगळ.

खरा राडा १८८५ चा. अमेरिकेत पिट्सबर्गला सुधारणावादी रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) ठराव केला की खाण्यापिण्याचे, शुद्धतेचे, पोशाखाचे जुने नियम आता बंधनकारक नाहीत. आता आरोग्य सांभाळायला दुसरे उपाय आहेत म्हणून कोशर, म्हणजे खाण्याचे ज्यू नियम, सोडलं, असं बरेचदा सांगतात, पण ठरावात आरोग्याचा विषयच नाही. त्यांचं म्हणणं, हे नियम परक्या काळातल्या कल्पनांतून आले आणि आजच्या माणसात पावित्र्याची भावना जागवत नाहीत, उलट अडसर होतात. म्हणजे कसोटी मनावर होणारा परिणाम ही, आणि माझ्या मते ती जंतांपेक्षा जास्त घातक, कारण मायक्रोस्कोपखाली काहीतरी दिसतं तरी, मनाचं काय तपासणार? परंपरा धरून राहणाऱ्यांनी पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वेगळं विद्यालय काढलं.

आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, या सगळ्या वादापासून लांबच होते. घाणा शनिवारी बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं, खवले-पर नसलेला मासा घरात येत नव्हता, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. हे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ न वाचता चाललं.

१९९९ मध्ये त्याच पिट्सबर्गला सुधारणावाद्यांनी नवा मसुदा मंजूर केला, त्यात सगळ्या आज्ञांचा पुन्हा अभ्यास करू असं आहे. मात्र कुठली पाळायची हे ज्याचं त्याने ठरवायचं.