पावसाळ्यात पुस्तकं जीभ का काढतात?

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या लालबागच्या घरातली पुस्तकं माना वर करतात. रात्री टेबलावर आडवं ठेवलेलं पेपरबॅक सकाळी पाहावं तर मुखपृष्ठ आपसूक उघडलेलं, कडा वर वळलेली. दमलेल्या कुत्र्याने जीभ काढावी तशी. शेजारचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक मात्र काही झालंच नाही अशा थाटात पडलेलं. मग दरवर्षीचा वाद सुरू होतो: चार पैसे जास्त मोजून हार्डकव्हर घ्यावं, की पेपरबॅकच बरं? बायको हार्डकव्हरच्या बाजूची. मी लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरणारा, तेव्हा माझं मत वेगळं सांगायला नको. आम्ही दोघंही चुकीच्या जागी भांडतोय, हे मला गिरगावातल्या एका बाइंडरकाकांकडे कळलं. ते पुढे सांगतो.

आधी ती जीभ. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाबून बसवलेली गादी, आणि या तंतूंना पाण्याची भारी ओढ. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन बसते. हवेतली वाफ कागदात शिरते आणि तंतू फुगतात. पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. कोरडा तंतू पूर्ण भिजला तर लांबीत जेमतेम एखादा टक्का वाढतो, जाडीत मात्र १५-२० टक्के. त्यात कागद बनताना लगदा जाळीवरून धावत असतो, त्यामुळे बहुतेक तंतू त्या धावण्याच्या दिशेने आडवे पडतात. छपाईवाले याला कागदाचा ग्रेन म्हणतात. ओलाव्याने कागद पसरतो तो मुख्यतः या ग्रेनच्या काटकोनात.

आता पेपरबॅकचं मुखपृष्ठ पाहा. बाहेरून चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा, म्हणजे लॅमिनेशन, आणि आतून उघडा कागद. प्लास्टिक पाणी पीत नाही, कागद पितो. आतली बाजू लांबते, बाहेरची आहे तेवढीच राहते, आणि दोघं एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे मुखपृष्ठाला बाहेर वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते, तोच प्रकार. तिथे उष्णता, इथे दमट हवा. म्हणून दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच जीभ बरीचशी आत जाते.

ग्रेन पाठीला समांतर असेल तर निदान एवढ्यावर निभावतं. तो आडवा गेला असेल तर पानं वरून खाली, पाठीच्या दिशेने लांबू पाहतात. पाठीला गोंदाने जखडलेली असल्यामुळे लांबता येत नाही, आणि मग पाठीजवळ लाटा उठतात. कागद वाचवण्यासाठी आडव्या ग्रेनवर छापलेलं पुस्तक उघडलं की आपलं आपण मिटू पाहतं. वाचताना अंगठा दुखतो तो यामुळेही.

हार्डकव्हर शांत का दिसतं? त्याच्या पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी ओढ असते म्हणून. बाहेरून कापड किंवा कागद, आतून डकवलेलं अस्तर. खळ लावताना अस्तर ओलं होऊन पसरतं, वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आत ओढतं. बाहेरचा कागद बाहेर ओढतो. या रस्सीखेचीत बरोबरी साधणं हे बाइंडरचं कसब. पावसाळ्यात पुस्तक दाबाखालून लवकर काढलं की ती बिघडते आणि पुठ्ठा पापडासारखा वाकतो. उद्या देतो म्हणणारा बाइंडर जुलैत चार दिवस लावत असेल तर त्याच्यावर चिडू नये.

तर गिरगावातले काका. पानं सुटलेली एक जाडजूड पेपरबॅक कादंबरी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, ही शिवून पुठ्ठ्यात बांधून द्या." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वरच्या बाजूने पाठीकडे पाहिलं आणि परत केलं. "अहो, शिवू कुठे? याला घडीच नाही."

मग त्यांनी फळीवरून एक जुनं पुस्तक काढून शेजारी धरलं. त्याच्या पाठीच्या टोकाला लहान लहान कमानी दिसत होत्या. मोठ्या कागदाला घड्या घालून १६ पानी फर्मा होतो, प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा जातो आणि तोच दोरा फर्म्याला फर्मा बांधत नेतो. हीच जुजबंदी. माझ्या कादंबरीत कमानी नव्हत्या, नुसत्या सुट्या पानांच्या कडा. कारखान्यात तिच्या पाठीकडच्या घड्या तासून काढल्या होत्या आणि त्या खरबरीत कडेवर तापलेला गोंद फासून मुखपृष्ठ चिकटवलं होतं. यालाच परफेक्ट बाइंडिंग म्हणतात; नाव ठेवणाऱ्याचा आत्मविश्वास दांडगा असणार.

युक्ती जुनीच आहे. १८३६ साली इंग्लंडमध्ये विल्यम हॅन्कॉकने शिवण टाळून रबराच्या द्रावाने पानं चिकटवण्याचं पेटंट घेतलं. काही वर्षांत रबर कुजून कोरडं पडलं आणि पानांची पिसं झाली. आजचा नेहमीचा गोंद ईव्हीए नावाचा, गरम असताना पातळ आणि निवला की घट्ट. पुस्तक उघडलं की गोंदाचा थर वाकतो. थर जितका जाड तितका त्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त. वर्षांनुवर्षांनी तो कडक होतो आणि एक दिवस 'कट्' आवाज करून मधोमध तुटतो. आर्ट पेपरवर तर चिकणमातीचा लेप असतो, त्यामुळे गोंद तंतूंपर्यंत पोचतच नाही. पीयूआर हा नवा गोंद महाग पडतो, पण अगदी पातळ थरातही लवचीक राहतो. गंमत म्हणजे त्याला पक्कं व्हायला हवेतला ओलावाच लागतो. मुंबईची हवा पुस्तकाच्या उपयोगी पडते असं हे एवढंच उदाहरण मला ठाऊक आहे.

आता आमच्या वादाचं काय? शिवलेलं पेपरबॅक असू शकतं आणि नुसतं गोंदाने चिकटवलेलं हार्डकव्हरही. दुकानात पुस्तकाची पाठ वरून पाहावी, कमानी आहेत का. मग मध्ये कुठेतरी दोरा दिसतो का ते उलगडून पाहावं. कमानी आणि दोरा नसेल तर पुठ्ठ्याचे जादा पैसे हे निव्वळ कपड्याचे पैसे. उलट पुठ्ठे पानांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे असल्यामुळे उभ्या हार्डकव्हरची पानं खाली टेकतच नाहीत, पाठीला लटकून राहतात. जाड ग्रंथ वरच्या बाजूने फाटतो तो या वजनाने. तो आडवाच ठेवलेला बरा. पेपरबॅक आपलं बिचारं स्वतःच्या पायांवर उभं असतं.

शिवणीचेही शत्रू आहेतच. जुन्या बांधणीतली पिठाची खळ म्हणजे कसरीला पंगत. म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालत आले. पिना मारलेले जुने दिवाळी अंक तर समुद्राच्या खाऱ्या हवेत पिनांपासूनच सडतात: आधी गंज, मग तपकिरी डाग, मग कागदाला भोक.

काकांनी अखेर माझी कादंबरी ठेवून घेतली. घडी नाही म्हणून कडेनेच टोच्याने भोकं पाडून आडवी शिवली, वर निळं कापड चढवलं. आता ती ट्रकखाली गेली तरी सुटायची नाही. फक्त समासाचा अर्धा भाग शिवणीत गेलाय, तेव्हा डाव्या पानावर ओळीचे शेवटचे शब्द आणि उजव्या पानावर पहिले शब्द फटीत डोकावून वाचावे लागतात. लोकलमध्ये एका हाताने तर ती उघडतच नाही.