पंधरा जहाजं आणि जगभरच्या गाड्या

‘जगातली 15 मोठी जहाजं सगळ्या गाड्यांएवढं प्रदूषण करतात.’ रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येतोच. आपला माल आखातात बोटीनं जातो, त्यामुळे तो जरा मनाला लागतो.

मेसेजचं मूळ गंधकात आहे; ती तुलना फक्त धुरातल्या गंधकाची होती, सगळ्या प्रदूषणाची नाही. जहाजांच्या जड तेलात पूर्वी 3.5 टक्के, म्हणजे किलोमागे 35 ग्रॅमपर्यंत गंधक चालायचं. आपल्या पंपावरच्या बीएस-6 डिझेलला मर्यादा आहे 10 मिलिग्रॅमची! 2020 पासून जहाजांची मर्यादाही 0.5 टक्क्यावर आली. (धूर धुणारं यंत्र बसवलं असेल तर सूट आहे, ते सोडा.)

कार्बनचं गणित वेगळं. किलोभर तेल जहाजात जळो की ट्रॅक्टरात, कार्बन डायऑक्साइड साधारण तीन किलोच निघतो. तेव्हा नुसतं तेल मोजा. मोठं कंटेनर जहाज दिवसाला 300 टन जाळतं असं धरलं, तरी 15 जहाजांचे झाले 4,500 टन. जगात गाड्या शंभर कोटींहून जास्त. गाडीमागे रोज एकच किलो धरा, दहा लाख टन होतात.

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात जहाजांचा वाटा 3 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे कमी नाही. पण तो हजारो जहाजांचा मिळून. आणि टनभर केळी किलोमीटरभर न्यायला ट्रक जहाजापेक्षा कितीतरी जास्त डिझेल खातो.