पहिलीच्या वहीतलं लेखन: उतरवून घेणं आणि मनातलं लिहिणं

पहिलीच्या मुलाला ‘ससा’ हा शब्द दहा ओळी उतरवून काढायला सांगा आणि त्याच्या हाताकडे बघत राहा. बरीच मुलं आधी दहा ‘स’ एकाखाली एक काढतात, मग दुसरे दहा, आणि शेवटी वरपासून खालपर्यंत काने ओढतात. पान भरतं, अक्षरही बऱ्यापैकी येतं, पण ‘ससा’ हा शब्द मुलाच्या मनात एकदाही उमटलेला नसतो. दुसरी अडचण अशी, की दोन-तीन ओळींनंतर मूल फळ्याकडे बघतच नाही, ते स्वतःचीच वरची ओळ उतरवतं. तिसऱ्या ओळीत वळण चुकलं की ती चूक दहाव्या ओळीपर्यंत जाते, आणि हाताला सवय लागते ती चुकीचीच.

पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेतला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात वर्गातलं लेखन मुख्यतः नकलेचंच असल्याचं दिसलं. मुलांना स्वतःचं काही लिहायची संधी फार थोडी मिळत होती. आमच्या मते प्राथमिक शाळेतलं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं उतरवून घेणं, अशी मुलाची समजूत एकदा झाली की चौथीत ‘माझा आवडता सण’ लिहायला सांगितल्यावर ते फळ्याकडेच बघतं.

गिरवण्याबद्दल अमेरिकेतला एक प्रयोग बोलका आहे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं स्वतःच्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर तीच अक्षरं बघताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी निगडित भाग ठळकपणे जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांना. त्यांनी सुचवलेलं कारण असं, की मुलाचं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं आणि त्यातूनच ‘क’चं क-पण कशात आहे हे मेंदूला कळतं. म्हणून पानभर गिरवण्यापेक्षा अक्षर दाखवा, झाका, आठवून काढायला सांगा, मग उघडून ताडून बघू द्या. तीन-चार वेळा पुरतं. हाताची तयारी जमिनीवर खडूने, मोठ्या आकारात करावी. खडूचा तुकडा दोन-तीन सेंटिमीटरचाच द्यावा, कारण तो मुठीत धरता येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच द्यायला शिकवावी. प्रत्येक अक्षरावर वेगळी दिली की शब्दाचे तुकडे पडतात.

मनातलं लिहायला सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी संपण्याची वाट बघायची गरज नाही. क, म, ल, ग, आ आणि काना व दुसरी वेलांटी, एवढ्यावर काका, काकी, मामी, काम, लाल, गाल, मला हे शब्द होतात आणि ‘मामा आला’, ‘मामी आली’ ही वाक्यंही. काने-मात्रा शेवटी शिकवायच्या ठेवल्या तर मूल कित्येक महिने ‘कमळ’, ‘बदक’, ‘मगर’ यांतच अडकतं, आणि त्याला मगरीबद्दल सांगायचं नसतं.

मुलांच्या चुकांनाही क्रम असतो. मानसशास्त्रज्ञ एमिलिया फेरेरो यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांमध्ये पाहिलं, की एका टप्प्यावर मूल शब्दातल्या प्रत्येक अवयवासाठी, म्हणजे एका ठोक्यात उच्चारल्या जाणाऱ्या भागासाठी, एकच अक्षर लिहितं. आपल्याकडे ‘मामा आला’चं ‘मम अल’ होतं, ते याच जातीचं. मूल दोन ठोके ऐकतं आणि दोन अक्षरं लिहितं, स्वर अजून वेगळा ऐकू आलेला नसतो. पुढे काने-मात्रा येतात, जोडाक्षर सर्वांत शेवटी. ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ बराच काळ राहतं. पहिली वेलांटी तर फसवीच आहे. उच्चार व्यंजनानंतर, खूण मात्र त्याच्या आधी. ‘कविता’मध्ये ती क आणि व यांच्या मधे उभी असते, म्हणून वाचताना ‘किवता’ होतं.

अशा लेखनावर लाल फुल्या मारल्या की मूल खात्रीचे तेवढेच शब्द लिहू लागतं. उलट कॅनडात जीन उएलेट आणि मोनिक सेनेशाल यांच्या २००८ सालच्या प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांना ऐकू येईल तसं लिहू दिलं, आणि दर वेळी ती जिथे असतील तिथून एकच पायरी पुढे नेलं. नुसता ध्वनींचा सराव केलेल्या मुलांपेक्षा ती नवे शब्द वाचायला अधिक सहज शिकली. ‘मम अल’ लिहिणाऱ्या मुलाशी बोलायचं ते फक्त कान्याबद्दल: “माऽमाऽ म्हणून बघ. मऽ आणि मा सारखंच ऐकू येतं का?” बाकी आज राहू द्यायचं. मूल ‘पाणी’ला घरच्या बोलीत ‘पानी’ म्हणत असेल तर ‘पानी’ लिहिणं हे त्याच्या कानाचं बरोबर काम आहे. भिंतीवर लावायच्या कागदावर बाईंनी खाली प्रमाण रूप लिहावं, मुलाचं खोडू नये.

रोज वीस मिनिटं पुरतात. मूल चित्र काढतं, त्याबद्दल एक वाक्य बोलतं, त्यातलं जमेल तेवढं स्वतः लिहितं, मग बाई ते वाक्य त्याच्याच शब्दांत खाली लिहून बोट फिरवत दोघं वाचतात. चाळीस मुलांच्या वर्गात रोज आठ जणांजवळ बसलं तरी आठवड्याच्या पाच दिवसांत सगळी होतात. महिन्यातून एक पान तारीख घालून जपून ठेवावं. दिवाळीच्या सुट्टीनंतरही पानावर एकही काना नसेल, तर त्या मुलाला आणखी बाराखडी लिहायला न देता ऐकण्याचे खेळ द्यावेत: ‘मामा’, ‘मामी’, ‘मामू’ म्हणायचं आणि शेवटी काय बदललं ते त्यालाच ओळखू द्यायचं.