सामन : घरगुती धुरी आणि भाजणी

सामन माशाला मीठ मुरवून लाकडाचा धूर देणे आणि तोच मासा जाळीवर किंवा निखाऱ्यावर भाजणे, या दोन्ही पाकक्रिया उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, म्हणजे अलास्का, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ओरेगन या पट्ट्यात, घरोघरी रुळलेल्या आहेत. दोन्हींचे यश मसाल्यापेक्षा माशाच्या जातीवर आणि तिच्या अंगच्या चरबीवर अधिक अवलंबून असते. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणून ओळखला जाणारा रावस सामनच्या कुळातला नाही. त्याचे कूळ पॉलिनेमिडी असून त्याचे मांस पांढरे असते. त्यामुळे पुढे दिलेल्या वेळा आणि तापमाने त्याला जशीच्या तशी लावू नयेत.

पॅसिफिकमधील सामन ऑन्कोऱ्हिंकस या प्रजातीत मोडतात आणि अमेरिकेच्या बाजारात त्यांच्या पाच जाती येतात. चिनूक किंवा किंग हा सर्वांत मोठा. त्याच्या मांसात सुमारे 10 टक्के चरबी असते, त्यामुळे धुरीत काही तास राहूनही तो मऊ राहतो. काही चिनूकांचे मांस पांढरे निघते. अन्नातील लाल रंगद्रव्य मांसात साठवण्याची क्षमता त्यांच्यात आनुवंशिकतेने नसते, एवढेच त्याचे कारण. मासा शिळा किंवा हलका आहे असे समजू नये. सॉकाय गडद लाल, घट्ट आणि चवीला तीव्र असतो. कोहो या दोघांच्या मधला असून चुली-शेगडीवर नवख्या माणसाला सर्वांत सांभाळून घेणारा मासा तोच म्हणावा लागेल. पिंक आणि चम यांत चरबी जेमतेम 4 टक्के. पिंक लहान आणि नरम असतो. ब्रिटिश कोलंबियातील फ्रेझर नदी आणि वॉशिंग्टनमधील प्युजेट साउंड ही खाडी येथे तो अंडी घालण्यासाठी समुद्रातून मुख्यतः विषम सालांत मोठ्या संख्येने चढतो. चमची गाभोळी मांसापेक्षा अधिक किमतीची मानली जाते. या पाचांखेरीज मत्स्यशेतीत वाढवलेला अटलांटिक सामन, म्हणजे साल्मो सालार, जगभर मिळतो. त्याच्यात सुमारे 13 टक्के चरबी सर्वत्र सारखी पसरलेली असल्याने तो भाजताना सहसा बिघडत नाही, पण चवीला सौम्य असतो.

चरबी कमी असणे हा नेहमीच दोष नसतो. चरबी साठवणीत खवट होते, म्हणून हिवाळाभर टिकवायच्या माशासाठी किनाऱ्यावरच्या मूलनिवासी समाजांना कमी चरबीचा चम हाच सोयीचा पडे. शरद ऋतूत, चम नदीत चढतो तेव्हा, तेथे पावसाची झड लागलेली असते. कोकणात बोंबील वलांडीवर टांगून उन्हावाऱ्यात वाळवता येतो. तसे ऊन त्या किनाऱ्यावर त्या दिवसांत मिळत नाही, म्हणून मासा छपराखाली मंद विस्तवावर टांगून वाळवण्याची धुरीघरे तेथे आली. उलट कोलंबिया नदीच्या आतल्या, कोरड्या प्रदेशात सेलिलो धबधब्यापाशी सामन नुसत्या वाऱ्यावर वाळवून, कुटून, त्याचा व्यापार चाले. 1805 मध्ये लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या मोहिमेने तो पाहिला आणि नोंदवला. 1957 मध्ये धरणाच्या पाण्याखाली तो धबधबा गेला.

आजच्या घरगुती धुरीची सुरुवात मिठापासून होते. आयोडीन नसलेले मीठ घेऊन एक वाटी मिठाला सात वाट्या पाणी या प्रमाणात केलेल्या गार द्रावणात फिलेचे, म्हणजे मधल्या काट्यापासून सोडवलेल्या सपाट मांसखंडाचे, तुकडे साधारण तासभर बुडवतात. किंवा एक भाग मीठ आणि चार भाग ब्राऊन शुगर कोरडीच चोळून काही तास फ्रिजमध्ये ठेवतात. कोरड्या पद्धतीत माशाचे पाणी सुटून तळाशी काकवीसारखा पाक जमतो. त्यानंतरची पायरी घाईत सर्वाधिक वेळा गाळली जाते आणि मासा फसतो तो बहुधा तिथेच. तुकडे धुऊन, टिपून, जाळीवर एकमेकांना न चिकटतील असे मांडून गार हवेत पंख्याखाली दोन-तीन तास सुकवावे लागतात. पृष्ठभागावर चकचकीत साय धरते. बोट लावले तर ते किंचित चिकटते, पण ओले होत नाही. धुराचा रंग आणि वास याच सायीवर बसतो. ओल्या माशावर तो ओघळतो आणि चव कडवट होते.

धुरीसाठी ऑल्डर हे भूर्जाच्या कुळातील लाकूड पसंत केले जाते, कारण त्याचा धूर सौम्य असतो. सफरचंद आणि चेरीही चालतात. पाइन-फरसारखी राळेची लाकडे वर्ज्य होत. गरम धुरीत, म्हणजे मासा धुरासोबत शिजवायचा तेव्हा, धुरीच्या पेटीचे तापमान सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवत नेतात. उष्णता एकदम चढली तर मांस आकसते आणि पृष्ठभागावर पांढरे, दह्यासारखे थेंब येतात; ते अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असून खाण्यास निरुपद्रवी असले तरी आतला ओलावा गेल्याची ती खूण असते. धूर दिला म्हणजे मासा शिजला असे नव्हे. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी 66 अंश सेल्सिअस तापमान किमान अर्धा तास टिकले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या छोट्या पेट्या थंडीवाऱ्यात तेथवर पोहोचत नाहीत. अशा वेळी धूर देऊन झाल्यावर मासा ओव्हनमध्ये पुरा करतात. पातळ पट्ट्यांना वारंवार मेपलचा पाक लावून धुरी दिली की ‘कँडी’ सामन होतो, आणि त्याला चिनूकचे पोट उत्तम.

थंड धुरीत तापमान 30 अंशांच्या खाली राहते आणि मासा अखेरपर्यंत कच्चाच असतो. पावावर क्रीम चीजसोबत खाल्ले जाणारे पारदर्शक काप असेच तयार होतात. अशा कापांना सर्रास ‘लॉक्स’ म्हणतात; मूळचा लॉक्स मात्र फक्त मिठात मुरवलेला असे, त्याला धूर नसे. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढत असल्याने गरोदर स्त्रियांनी हे काप न शिजवता खाऊ नयेत. रानटी सामनमधील कृमी मारण्यासाठी मासा आधी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो, आणि घरातला फ्रीझर तेवढा थंड असतोच असे नाही. ही पद्धत घरी न केलेली बरी.

भाजणीत वेळ मिनिटांवर येतो. फिलेतले बारीक काटे चिमट्याने, काट्याच्या कलानेच, उपटून घ्यावेत. उलट ओढल्यास मांस फाटते. जाळी चांगली तापवून तेल पुसावे आणि मासा कातडीची बाजू खाली ठेवून मांडावा. कातडी ढालीचे काम करते आणि भाजली की आपोआप जाळी सोडते. ती सोडत नसेल तर उलथने चालवू नये. अमेरिकी सरकारी मार्गदर्शनानुसार आतले तापमान 63 अंश हवे. पुष्कळ स्वयंपाकी सॉकाय आणि कोहो 52 ते 55 अंशांवरच उतरवतात, आणि रसाळपणासाठी ती जोखीम ते जाणूनबुजून पत्करतात. पिंकचा पातळ फिले उघड्या आचेवर बघता बघता कोरडा होतो, म्हणून त्याला देवदाराच्या फळीचा आधार द्यावा. ही फळी तासभर पाण्यात भिजवून निखाऱ्यावर ठेवतात आणि मासा तिच्यावर झाकणाखाली शिजतो. हा ‘देवदार’ हिमालयातला नव्हे. थुजा प्लिकाटा हा पश्चिम किनाऱ्यावरचा वृक्ष तो. त्याच लाकडाच्या चिरलेल्या काठ्यांत मासा अडकवून ऑल्डरच्या विस्तवाभोवती उभा रोवण्याची मूलनिवासी पद्धत फळीहून जुनी आहे आणि मेजवान्यांत आजही दिसते.

गरम धुरीचा मासा पूर्ण गार करून 3 अंशांखाली ठेवावा व एक-दोन आठवड्यांत संपवावा. त्याहून अधिक टिकवायचा तर गोठवावा. हवाबंद पिशवीत भरून ओट्यावर ठेवलेला धुरीचा मासा बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे कारण ठरू शकतो, कारण तिच्या जंतूला प्राणवायू नकोच असतो. साफ करताना निघालेली कच्ची डोकी आणि आतडी कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत: या किनाऱ्यावरील सामनमध्ये राहणाऱ्या एका पर्णकृमीतून कुत्र्यांना जंतुसंसर्ग होतो आणि उपचार न झाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. माणसाला तो आजार होत नाही.